‘इतर’मध्ये काय होतं

लुंबिनी मूळची वाशीमची, पण दिल्लीत येऊन तिला बरीच वर्षं झाली होती. मयूर विहारमध्ये राहायची आणि एका संशोधन संस्थेत ऑनलाइन सर्व्हेंचे निकाल काढायची. आकडे जुळले की बाकीच्यांचं काम संपायचं. तिचं तिथून पुढे सुरू व्हायचं. असं का, हा किडा तिला लहानपणापासूनच.

या वेळचा सर्व्हे दिल्लीतल्याच मुनिरकात भाड्याने राहणाऱ्या विद्यार्थ्यांचा होता. ‘तुम्ही अभ्यास कुठे करता?’ या प्रश्नाला खोली, लायब्ररी, कॉलेज असे पर्याय दिले होते. आलेखात सगळ्यात उंच खांब मात्र ‘इतर’चा!

“यार, ‘इतर’ तर ‘इतर’,” तिचा वरिष्ठ नचिकेत म्हणाला. “चार्ट एक्स्पोर्ट कर आणि पाठवून दे.”

पण लुंबिनीला राहवेना. ‘इतर’पुढे विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेल्या उत्तरांची मूळ फाइल तिने उतरवून घेतली. एक्सेलमध्ये उघडली, तर हिंदी-मराठी अक्षरांच्या जागी नुसती वेडीवाकडी चिन्हं. सेटिंग बदलून तिने फाइल पुन्हा काढली, तेव्हा कुठे अक्षरं उमटली. छत. टेरेस. छत पे. गच्ची. कुणी ‘टाकीजवळ’ असंही लिहिलेलं. शब्द वेगवेगळे, म्हणून संगणकाने ते ‘गच्ची’ म्हणून एकत्र मोजलेच नव्हते.

मार्चच्या उन्हात गच्चीवर? शनिवारी ती मेट्रोने मुनिरकात गेली. एका घरमालकाला विचारून अरुंद जिना चढली. वर पाण्याच्या टाक्यांच्या सावलीत मुलंमुली पुस्तकं घेऊन बसली होती. सावली सरकली की तीही चटया ओढत सरकत होती.

“किसे ढूँढ रही हैं?” एका मुलीने विचारलं.

“गच्ची बघायला आले,” लुंबिनीच्या तोंडून मराठीच निघालं.

“अय्या, ताई मराठी!” मुलगी हसली. ती गंगाखेडची उन्नती, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी.

“खोलीत का नाही बसत?”

“बसतो की. पण खिडकी उघडली की समोर शेजारच्यांची भिंत. दिवसभर दिवा लावायचा. दुपार आहे की संध्याकाळ, तेच कळत नाही. इथे निदान दिवस तरी दिसतो.”

लुंबिनी बराच वेळ तिथेच बसली. उन्नतीने तिला चटईवर जागा करून दिली.

सोमवारी तिने ते सगळे शब्द एका नावाखाली आणले. एकटी ‘गच्ची’च लायब्ररीच्याही पुढे गेली. अहवालात वाचनालयाची शिफारस तयारच होती. तो आकडा पाहून नचिकेतने त्या शिफारशीला गच्चीवरच्या छपराची आणि दिव्यांची जोड दिली. मग त्याने मान वर केली.

“अच्छा, पण पाऊस आला की ही मुलं जातात कुठे?”

हे तिने उन्नतीला विचारलंच नव्हतं. लुंबिनी स्वतःशीच चरफडली, मग खुर्ची पुढे ओढून तिने नव्या सर्व्हेचा पहिला प्रश्न टाइप करायला घेतला.