उजाडेपर्यंतचा मंगळवार

भूममध्ये निकिताला सगळे कृष्णराजची बायको म्हणून ओळखत. ती दिवसभर कॉम्प्युटरवर काय करते, हे मात्र कुणालाच नीट सांगता येत नसे. ती वेबसाइट बनवायची. गिऱ्हाइकं लांबलांबची, तोंड न पाहिलेली. म्हणून ईटचे बिभीषण गोंधळी जेव्हा म्हणाले, "आमच्या गोंधळाच्या पार्टीचंबी कायतरी कर की सूनबाई," तेव्हा ती हरखली. आपल्या मुलखातलं हे पहिलंच काम. तिनं फोटो लावले, संबळाचा आवाज घातला आणि एका मोठ्या कंपनीचं तयार कॅलेंडर पानावर बसवलं. गोंधळ ठरला की ती त्यात नोंद करायची; लोकांनी मोकळा दिवस पाहून फोन करायचा.

महिनाही झाला नाही तोच बिभीषणमामा दारात उभे.

"सूनबाई, त्ये क्यालेंडर काढून टाक."

"का हो मामा? काय झालं?"

"येरमाळ्याचा मंगळवारचा गोंधळ त्यात न्हायच! दिवस मोकळा दिसतोय म्हणून परंड्याच्या पाव्हण्यानं त्योच मागितला. आन येरमाळ्याची यजमान म्हातारी त्यो मोकळा दिवस बघून फोनवर म्हणती, देवीला इसरलास व्हय रं मुडद्या?"

निकितानं पाहिलं. नोंद होती, पण बुधवारच्या चौकोनात. गोंधळ रात्री साडेबाराला उभा राहणार होता, म्हणून तिनंच ती तिथं घातली होती.

"मामा, बारानंतर तारीख बदलते ना."

"कुणाची? देवीचा मंगळवार उजाडल्याबिगर सरत न्हाय. संबळ वाजतंय, दिवटी जळतीय, आन मधीच बुधवार कसा लागंल?"

माहेरी निकिताही असंच मोजत होती. अंधारातच, कुणाला न कळता, दिवस कूस बदलतो, हे ती परक्यांची कामं करता करता शिकली होती. आणि शिकल्याचंही विसरली होती.

"सांजच्यापर्यंत थांबा. नाही जमलं तर काढून टाकते."

आधी तिनं सोपी पळवाट काढली: वेळ बाराच्या आतली लिहिली. पण मग माणसं उगाच लवकर येऊन ताटकळली असती. तिनं ते पुसलं. तयार कॅलेंडरात रंग बदलता येत होता, अक्षर बदलता येत होतं, आठवड्याचा पहिला वारही. दिवस कुठं सुरू होतो, ते मात्र बदलता येत नव्हतं. शेवटी तिनं ती तयार चौकटच काढली, आतल्या नोंदी तेवढ्या घेतल्या आणि चौकोन स्वतः आखले. पहाटे सहाच्या आत सुरू होणारं सगळं आदल्या वारात दाखवायचं, एवढं कॉम्प्युटरला सांगून ठेवलं. वेळ होती तीच राहिली.

सांजच्याला मामांनी मोबाइल डोळ्यांपाशी नेला. मंगळवारच्या चौकोनात येरमाळा आला होता.

"थंडीत सहाला कुठं उजाडतंय गं?"

"सहाला गोंधळ मांडतं तरी कोण, मामा?"

"त्ये बी खरंच!" मामा खो खो हसले.

तेवढ्यात परंड्याच्या पाव्हण्याचा फोन आला. मामांनी निकिताच्या कॉम्प्युटरवर बोट टेकवलं. "न्हाय पाव्हणं, ह्यो मंगळवार येरमाळ्याचा. म्होरला मोकळा हाय... आता समोरच बघतोय की!"

निकितानं लगेच पुढच्या मंगळवारात परंडा लिहिलं, आणि चहा टाकायला उठली.