दहा मिनिटं आंधळे झालेले सर

आमच्या शाळेतला पोषण आहार सिंधूताई शिजवे. मी शालूबाई, तिच्या हाताखालची मदतनीस. डोणगावच्या बाजूलेच आमचं गाव.

सात वर्सांआधी काचबिंदूनं तिची नजर गेली, पण सैपाक सुटला नाही. डाळ शिजली का कच्ची, हे ती उकळीच्या आवाजावरून सांगे. मिठाच्या डब्याले एक दोरी बांधलेली, हळदीच्याले दोन. सात वर्सांत एकदाबी खिचडी करपली नाही. मी डोळ्याची असून दोनदा भाजली. सुरुवातीले बौद्धवाड्यातल्या बाईच्या हातचं नको म्हणून तोंड वाकडं करणारे होते. त्यायचेच पोट्टे मंग तिच्यापुढं दुसऱ्यांदा ताट धरत. घरी नवरा नाही, लेकरू नाही. शाळेतली चूल हेच तिचं सारं होतं.

डिसेंबरात दिव्यांग दिन आला. केंद्रप्रमुख रंगराव सर डोळ्याच्या पट्ट्या आन् काळे चष्मे घेऊन आले. पट्टी चिकटवायची, वरून चष्मा घालायचा आन् आंगणात दहा पावलं चालायचं. मास्तर लोक खिदळत चालले, फोटो काढले. माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे काय आंधळेपण आहे का बाप्पा? सिंधूताई आत भाजी चिरत होती. मी सरायले म्हणलं, असेच चुलीपाशी या न, मंग कळन आमची ताई काय चीज आहे ते. मले तिचा मान करायचा होता, बस.

सर आले. दाराच्या चौकटीवर आपटले, परातीत पाय घातला आन् दहा मिनिटं चाचपडून शेवटी चुलीवरच्या डाळीच्या गरम गंजाले हात लावला. चटका बसला तशा पट्ट्या ओढून काढल्या. डोळ्याले पाणी. तिचे हात धरून म्हणाले, ताई, तुम्ही रोज या नरकात राहता, आम्हाला कळलंच नाही. सिंधूताई लाजून हसली. तिले वाटलं, कौतुक होऊन राह्यलं.

चौथ्या दिवशी पत्र आलं. लेकरायच्या आन् तिच्या सुरक्षेसाठी तिले कामातून मोकळं केलं होतं. तिच्या जागी मी. वरून शाल-नारळ देऊन सत्कार ठेवला.

ती शाळेत आली, शाल घेतली नाही. सरायपुढं उभी राह्यली, आवाज जराबी चढवला नाही.

"सर, तुम्ही दहा मिनिटाचे आंधळे. सैपाक तुमाले नाही जमला. मले जमते."

सर मान खाली घालून म्हणाले, "ताई, मी स्वतः अनुभवलंय."

जळो तो अनुभव. सात वर्सांची खिचडी खाल्लेले सारे मास्तर तिथंच होते. एकाचंही तोंड उघडलं नाही.

सांजच्याले मी तिच्या घरी गेली. तिनं मले बसाले पाट देला, पाणी देलं. मंग इचारलं,

"सरायले चुलीपाशी कोनं आणलं व शालू?"

"मी," म्हणलं.

तिनं माह्या हातातला गिलास चाचपून घेतला आन् आत निघून गेली. मी लय वेळ बसली, ती बाहेर आली नाही.

सोमवारी चूल मीच पेटवली.