हिरवी टिकली

वाचनालयाला मिळालेले सहा जुने संगणक आम्ही वरच्या मजल्यावर ठेवले. महाडात खाली काही ठेवायचं नसतं, हे पुराने शिकवलंय. ते चालवायला त्यांच्यात लिनक्स मी घातलं. ते फुकट, खुलं, कुणाचं मिंधं नाही, असं मी भेटेल त्याला ऐकवत असे. अडचण एवढीच, की दुसऱ्या प्रणालीसाठी लिहिलेले प्रोग्राम त्यावर चालतीलच असं नाही. म्हणून भिंतीवर यादी लावली आणि प्रत्येक नावापुढे बायकोच्या पाकिटातली टिकली: नीट चालतं त्याला हिरवी, कुरकुरत चालतं त्याला पिवळी, चालतच नाही त्याला लाल.

टंकलेखनाच्या सरावाचा प्रोग्राम पिवळा होता. अक्षरं उमटायची, पण त्यातलं घड्याळ रेंगाळायचं. त्याची दहा मिनिटं भिंतीवरच्या घड्याळात बारा भरत. मी स्वतः मोजली होती.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी अध्यक्ष यादीपुढे उभे राहिले. "लाल-पिवळंच फार दिसतंय हो. पाहुणे म्हणतील, भंगार उचलून आणलं."

हारतुऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली आहे. त्या संध्याकाळी तीन पिवळ्या टिकल्या नखाने काढल्या आणि हिरव्या लावल्या. पाहुण्यांनी यादीकडे पाहिलंसुद्धा नाही. शाल मात्र मला मिळाली.

मग तुडीलहून एक बाई सरावाला येऊ लागल्या. शाळेत तात्पुरत्या कारकून; मिनिटाला तीस शब्दांचं प्रमाणपत्र मिळालं तर कायम होणार होत्या. यादी वाचून त्यांनी टंकलेखनाचा तो आता हिरवा झालेला प्रोग्राम निवडला. तीन महिने रोज दुपारी यायच्या. "सर, आज एकतीस!" मी मान डोलवायचो. घड्याळाचं विसरलो होतो, असं लिहायला मला आवडलं असतं.

परीक्षा पोलादपूरला झाली. दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या दारातच थांबल्या.

"उतारा पुराच झाला नाय, सर. इथं तर रोज संपायचा. बोटांना काय झालं, देव जाणे."

"घाबरलात तुम्ही," मी म्हणालो.

त्यांनी ते लगेच मान्य केलं.

त्या गेल्यावर मी टिकली बदलली. सोमवारी त्या पुन्हा आल्या, पुढच्या परीक्षेच्या तयारीला. यादीपुढे थांबल्या.

"ही पिवळी कशाला?"

"त्याचं घड्याळ हळू चालतं."

त्यांचे ओठ हलले. हिशेब करत असाव्यात. "कधी कळलं?"

"परवा."

"बरं झालं, तुमचं लक्ष हाय. मी येडी, बोटांना शिव्या घालत बसले."

त्यांनी पर्समधून मोबाइल काढला, दहा मिनिटांचा गजर लावून शेजारी ठेवला आणि टाइप करायला बसल्या. गजर वाजला तेव्हा पडद्यावरचं घड्याळ आठ मिनिटांच्या जरासं पुढे गेलं होतं. माझ्याकडे वळून, लबाडी पकडल्यासारखं त्याच्याकडे बोट दाखवत त्या हसल्या.

मीही हसलो.