झाकणावरचा आडवा चमचा

अट सासूबाईंची होती. मुलांच्या शाळेचे सगळे डबे भरून दाराबाहेर पडेपर्यंत थोरलीने बाहेरच्या खोलीत बसायचं आणि मूग गिळून गप्प राहायचं.

"खोकायचंसुद्धा नाही," सासूबाई म्हणाल्या. "तुझं खोकणं म्हणजे हुकूम असतो. मला का माहीत नाही?"

डबे वेळेवर आणि धड गेले, तर थोरली उद्यापासून बस चालवायला जाणार. एक जरी डबा बिघडला, तर तो विषय घरात पुन्हा निघणार नाही. थोरलीने अट एका दमात मान्य केली, कारण आपल्यामागे डब्यांचं काय होईल ही धास्ती मनातून तिलाही होती. पहाटेची पहिली बस तिच्या नावावर लागली होती. खाकी शर्ट समोरच्या खुंटीवर लटकत होता आणि पंख्याच्या वाऱ्याने त्याच्या बाह्या हलत होत्या. जणू शर्टालाच निघायची घाई झाली होती.

आत स्वयंपाकघरात तिचा नवरा आणि धाकटा दीर. नवरा लाकूडकाम करणारा, मोजूनमापून हात चालवणारा. दिराला घरात वादळ म्हणत, कारण तो गेला की मागे काहीतरी लवंडलेलं असे. शिवाय सासूबाई. त्या कशालाही हात लावणार नव्हत्या, फक्त स्वतःचा चहा करून घेणार होत्या.

थोरलीला दिसत काही नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. इतक्या वर्षांत हे स्वयंपाकघर तिच्या कानात जाऊन बसलं होतं. पातेलं चढलं. कांदा पडला, तेल चरचरलं. बटाटे, मग वाटाणे. विळीचा आवाज नवऱ्याचा, सावकाश. तांदूळ धुतोय तो वादळ, अर्धं पाणी फरशीवर. सगळं कसं क्रमाने चाललं होतं. तिच्या पायांना ठेका धरावासा वाटला. तिने पाय खुर्चीखाली आवळून धरले.

या घरात एका पातेल्यावर अनेक हात फिरत. कोणी चिरून जाई, कोणी परतून जाई, कोणी जाताजाता ढवळून जाई. पूर्वी भाजीत कधी मीठ दोनदा पडे, कधी पडतच नसे, आणि मग ज्याच्या त्याच्या तोंडी 'मला वाटलं तू घातलंस'. म्हणून थोरलीने रीत घालून दिली होती. मीठ घातलं की झाकणावर चमचा आडवा ठेवायचा. आडवा चमचा म्हणजे मीठ पडलं, आता कोणी हात लावू नका. आणि डबा भरणाऱ्याने आधी एक घास चाखायचा.

टिंग. झाकणावर चमचा पडला. नवऱ्याने मीठ घातलं. शाबास.

मग सासूबाईंच्या चपला सरपटल्या. कपबशी वाजली. झाकणावर काहीतरी हलकेच खरवडलं, आणि कपात चमचा किणकिणू लागला.

थोरली ताठ झाली. त्या आवाजात तिला चूक ऐकू आली होती. सासूबाईंनी साखर ढवळायला झाकणावरचाच चमचा उचलला होता. त्यांचा तरी काय दोष? त्यांनी जन्मभर एकटीने रांधलं. एकाच माणसाच्या स्वयंपाकघराला खुणांची भाषा लागत नाही.

"दादा, मीठ राहिलंय वाटतं," वादळ म्हणाला.

नवरा मागच्या नळावर हात धूत होता. त्याला ऐकू गेलं नाही.

टिंग.

थोरलीच्या घशात खोकला येऊन उभा राहिला. एक खोकला, अगदी बारीक, आणि भाजी वाचली असती. पण मग उद्याचं काय? उद्या ती गावाच्या दुसऱ्या टोकाला असेल, हातात चाक, मागे माणसं. तिथून काय खोकणार? तिने उशी उचलून तोंडाशी दाबली. खुंटीवरचा शर्ट हलत राहिला.

डब्यांची झाकणं खडखडली. "भर पटापट, मुलं बूट घालतायत," वादळ म्हणाला.

"थांब. आधी चाखू दे."

थोरलीने डोळे मिटले.

"मीठ कोणी घातलं रे?"

"मी."

"मीपण घातलंय."

"मग चमचा आडवा नव्हता का?" नवऱ्याने विचारलं.

"असता तर मी घातलं असतं का? आंधळा आहे का मी?"

कपातली किणकिण बंद झाली होती. सासूबाई गप्प बसल्या असत्या तर पैज त्यांचीच होती. भाजी बिघडली होती, साक्षीला कोणी नव्हतं. जिला माहीत होतं तिच्या तोंडावर उशी होती.

"हा बघा," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या कपात आहे."

वादळाला हसू आवरेना. "आई, इथे तर पंचच फितूर निघाले."

"हसतोस काय? हात चालव. त्या बाहेर बसलेलीचा जीव टांगणीला लागला असेल."

"उकडलेले बटाटे आहेत," वादळ म्हणाला. "खालच्या फळीवर. अडीअडचणीला वहिनी ठेवतेच की." फ्रिजचं दार उघडलं. बटाटे कुस्करल्याचा आवाज आला, पाणी पडलं, जाळ वाढवला. कोणी कोणाला काही सांगत नव्हतं. आपल्यावाचून तिथे काही अडत नाही हे थोरलीला उड्या मारण्याइतकं आवडत होतं. कुठेतरी बारीक दुखतही होतं, पण उड्या मोठ्या होत्या.

पुन्हा घास. "आता बरोबर आहे."

झाकणं लागली. मुलं आरडाओरडा करत जिना उतरली, त्यांच्यामागे वादळही उतरला.

सासूबाई बाहेर आल्या. थोरलीने उशी खाली ठेवली.

"आता बोलू का, आई?"

"बोल की. ऐकलंस ना सगळं?"

"दोन्ही टिंग ऐकले."

"आणि खोकली नाहीस."

"खोकला आला होता."

सासूबाईंनी खुंटीजवळ जाऊन शर्टाचं वरचं बटण चिमटीत धरून ओढून पाहिलं.

"हे सैल आहे. पहिल्याच वळणावर तुटेल," त्या म्हणाल्या. "सुईदोरा आण. आणि माझ्या चहाला एक वेगळा चमचा काढून ठेव."