गुळाचा मान

मी आज जो काही आहे तो गयाआत्यामुळे आहे. गयाबाई म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. आता सेनगावला शाळेत शिकवतो. मागच्या महिन्यात मधल्या सुट्टीत फोन वाजला. आत्याचे शेजारी रफिकचाचा टेलर बोलत होते. "पोरा, आज लई बिघडलं बघ," एवढंच म्हणाले. आत्या गेली, हे मला विचारावं लागलं नाही.

"बिघडलं" हा आत्याच्या ओट्यावरचा शब्द. माझे आई-वडील वीटभट्टीच्या कामाला बाहेरगावी असायचे, म्हणून मी शाळेसाठी हट्टा या गावी आत्याकडे राहिलो. ती दिवसभर लोकांच्या रानात खुरपायला जायची. संध्याकाळी हातपाय धुऊन बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावायची, आम्ही त्रिशरण-पंचशील म्हणायचो आणि मग ओट्यावर बसायचो. तोवर मशीन बंद करून चाचाही यायचे. आत्या गुळाचा डबा मांडीवर घेऊन विचारायची, "हं, आज कोणाचं काय बिघडलं?" प्रत्येकानं आपली तकलीफ सांगायची, पण ऐकणाऱ्याला हसू आलं पाहिजे. ज्याचं सगळ्यात जास्त बिघडलं त्याला गुळाचा खडा. तोही लगेच नाही. आधी आत्या विचारणार, "मग उद्या काय?" त्याचं उत्तर दिलं की गूळ. तिला स्वतःला साखरेचा आजार होता, त्यामुळे ती फक्त न्यायाधीश.

बारावीचा निकाल लागला त्या दिवशी मी नापास झालो होतो. पिशवी भरून ठेवली होती. गावातली दोन पोरं दुसऱ्या दिवशी पुण्याला कामाला निघाली होती, त्यांच्याबरोबर जायचं आणि पुस्तकांचं नाव काढायचं नाही, असं ठरवलं होतं. संध्याकाळी ओट्यावर चाचांनी सुरुवात केली. त्यांच्या बकरीनं नवरदेवाच्या कुडत्याची बाही खाल्ली होती. "एकच खाल्ली, माय. दुसरी खाल्ली असती तर बंडी म्हणून तरी दिला असता." आत्या पोट धरून हसली. मग माझ्याकडं वळली.

"तुझं काय?"

"काही न्हाई."

"पिशवी भरून ठिवली अन् काही न्हाई? बोल."

मी खाली मान घालून सांगितलं की अर्थशास्त्रात गेलो. एकच मोठा प्रश्न चांगला पाठ केला होता, तो पेपरात आलाच नाही.

"मग काय लिवलं?"

"तोच लिवला. येवढा पाठ केला होता, वाया कशाला घालायचा?"

मग चाचांना जो ठसका लागला तो थांबेना, आणि त्यांच्याकडं बघून मलाही हसू फुटलं. दिवसभर छातीवर बसलेलं ओझं हसता हसता उतरलं. आत्यानं निकाल दिला, "रफिक, तुझी बाही शिवता येईल. लेकराचं वर्ष फाटलं. गूळ त्याला." खडा हातात धरून तिनं विचारलं, "मग उद्या काय?" मी म्हणालो, पुण्याला जातो. "ते पोट भरायचं झालं. फाटलेल्याचं काय?" ...खडा तिच्याच हातात होता. शेवटी मी म्हणालो, "उद्या शाळेत जाऊन फेरपरीक्षेचं विचारतो." तो गूळ मी फार वेळ तोंडात धरून बसलो होतो.

ही रीत तिला कुठून सुचली, हे मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "तुझे मामाजी, माझे मालक, गेले तवा वर्षभर मी कोणापुढं बोलले न्हाई. मग विहारात भंतेजींनी सांगितलं, दुःख आहे, ही बुद्धानं सांगितलेली पयली गोष्ट. मी घरी आले अन् मोठ्यानं म्हणले, दुःख आहे. घरात कोणीच न्हाई. भिंतीवरली पाल तेवढी चुकचुकली. मला लई दिवसांनी हसू आलं बघ. दुःख नसतंच असं बुद्ध म्हणला न्हाई, तर आपण काहून लपवायचं? पण तो तिथंच बसून राहिला का? त्यानं वाट बी सांगितली. म्हणून मी उद्याचं विचारते." श्रद्धा म्हणजे देवाकडं काही मागणं, अशी माझी तोवरची समजूत होती. आत्यानं कधी काही मागितलं नाही. तिनं फक्त दुःखाला ओट्यावर बसायला जागा दिली.

शेवटच्या भेटीत ती अंथरुणावर होती. म्हणाली, "आज माझं ऐका. डॉक्टर म्हणला, किडन्या थकल्या. म्या म्हणलं, थकणारच बापू, जन्मात सुट्टी दिली न्हाई त्यायला." चाचांनी डबा उघडला आणि कणभर गूळ तिच्यापुढं धरला. तिनं हात मागं घेतला. "आधी विचारा की." चाचांनीच विचारलं, "गयाबाई, उद्या काय?" "उद्या उठले तर मेणबत्ती मी लावीन. न्हाई उठले तर ह्यानं लावायची." मग तिनं गूळ खाल्ला आणि लहान पोरीसारखे डोळे मिटले.

आता रविवारी मी हट्ट्याला जातो, मेणबत्ती लावतो. डबा चाचांच्या मांडीवर असतो. परवा त्यांनी माझं जुनं पत्र तोंडपाठ म्हणून दाखवलं. आत्याला फोनवर नीट ऐकू येत नसे, म्हणून कॉलेजला असताना मी हिंगोलीहून पत्रं लिहायचो आणि चाचा तिला वाचून दाखवायचे. हे तिनं इतक्यांदा वाचून घेतलं होतं की ती जिथं हसायची तिथं चाचा अजून थांबतात...

"ती. आत्यास सप्रेम जयभीम. आज मला पदवी मिळाली, पण बिघडलंच. तुझी एसटी आली नाही. नाव पुकारलं की ज्याच्या त्याच्या घरचे टाळ्या वाजवत होते. माझं नाव आलं आणि सगळं शांत. मग मी पदवी काखेत धरली आणि माझ्या मीच टाळ्या वाजवल्या. आधी सगळे हसले, मग सगळ्यांनी वाजवल्या. गूळ काढून ठेव. उद्या काय, ते तू विचारशीलच. उद्या सकाळी हे पत्र पेटीत टाकतो आणि पहिल्या गाडीनं निघतो. म्हणजे पत्राच्या आधी मीच पोहोचेन. तरी ते आलं की चाचांकडून वाचून घे, पुन्हा हस. तुझा, सुधाकर."