नणंदेचं भविष्य

ही फजिती माझी स्वतःची आहे, म्हणून आहे तशीच सांगते. दुसऱ्या कोणाची असती तर थोडी वाढवली असती. चहा घ्या, गार होतोय.

मालवणात माझं शिवणाचं दुकान आहे. हल्ली सगळे तयार कपडे घेतात, त्यामुळे माझ्याकडे येतं ते फॉल-पिको आणि शेजारणींच्या गप्पा. अशात कळलं की तारकर्लीला किनाऱ्यावर आठ दिवस जत्रा भरणार. देवाची नव्हे हं. परदेशात म्हणे राजेराण्यांच्या काळाची जत्रा भरवतात, तशी. लोहार, कुंभार, शिपाई, फिरंगी व्यापारी, सगळे तीनशे वर्षांपूर्वीच्या कपड्यांत. कपडे म्हटल्यावर मी नवऱ्याला सांगूनच टाकलं, "माका थंय ड्रेसचा काम गावला." मिळालं नव्हतं अजून. पण न गावायला काय झालं?

तिथे गेले तर कपडे मुंबईहून भाड्याने आलेले, इस्त्रीसकट. जत्रेचं सगळं बघणारी केतकी नावाची पुण्याची मुलगी म्हणाली, "मावशी, शिवणाचं काम नाहीये. पण आमची ज्योतिषीण आलेली नाही. बसाल का तिच्या जागी?"

"मला कुठे भविष्य येतं?"

"तिलाही येत नव्हतं. चांगलं बोलायचं आणि गोल गोल बोलायचं."

आता परत कुठल्या तोंडाने जाणार? नवऱ्याने तोवर तळेऱ्याला आपल्या बहिणीलाही फोन करून कळवलं होतं. घेतलं काम. काळा घागरा, कवड्यांच्या माळा, तोंडावर जाळीचा पडदा. आरशात मीच मला ओळखलं नाही.

आणि काय सांगू, जमलं की. पंचवीस वर्षं लोकांची मापं घेतलीत मी, कपड्यावरून माणूस कळतो. एकीच्या ड्रेसच्या बाजूच्या शिवणी नुकत्याच उसवून सैल केलेल्या, शेजारी नवरा तिची पर्स धरून उभा. म्हटलं, "घरात पाळणा हलणार." दोघं एकमेकांकडे बघतच राहिली. एकाच्या पांढऱ्या शर्टाला काळ्या दोऱ्याने बटण लावलेलं, तेही वाकडं. म्हटलं, "एकटे राहता, जेवणाची आबाळ होते." त्याचे डोळे भरले. तिसऱ्या दिवशी माझ्या तंबूपुढे रांग, आणि शिपायांची लढाई बघायला कोणी नाही. मला वाटायला लागलं, आपल्यात खरंच काहीतरी आहे.

माणूस फसतो तो इथेच.

चौथ्या दिवशी दुपारी पडदा सारून आत आली विजयाताई. माझी थोरली नणंद, तळेऱ्याची. शेजारणींबरोबर गाडी करून आली होती. समोर बसली आणि हात पुढे केला. मी आवाज जाड केला.

"बाये, झिलाचा लगीन आसा पुढच्या महिन्यात. सगळा नीट जातला मा?"

"मुलाचं लग्न नीट होईल," मी अगदी पुस्तकातल्यासारखं म्हटलं.

"एकच काळजी आसा. माझी भावजय माझे ब्लाउज शिवता. वीस वर्षां झाली. बाई बरी आसा, पण ब्लाउज काखेत तंग. हात वर केलो की जीव जाता. सांगूक गेलंय तर तोंड फुगयता. लग्नात अक्षता टाकूक तरी हात वर जातलो काय?"

पडद्याआड माझं तोंड फुगलंच होतं.

"दोष शिवणाचा नाही," मी म्हटलं. "तुमचं अंग सुटलंय."

"माझा अंग होता तसाच आसा."

"मुळीच नाही. गेल्या दिवाळीला अडतीस होतात. आता चाळीसच्या खाली नाही."

शब्द तोंडातून सुटून गेले. ताईने आपला हात हळूच मागे घेतला.

"दिवाळीक माझा माप कोणी घेतल्यान?"

"ग्रहांनी," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

तिने वाकून माझ्या तोंडावरच्या जाळीतून आत बघितलं. मग उठली, निऱ्या नीट केल्या. "बरा. ग्रहांक सांग, सांजेक चाय पिऊक घराक येतंय."

बाहेर जाऊन तिने रांगेला सांगितलं, "बाई नुसती बघून माप सांगता." झालं. तिच्या सहाही शेजारणी आत. भविष्य एकीलाही नको. "माका छत्तीस होयत की अडतीस?" एकीने तर पिशवीतून ब्लाउजपीस काढून माझ्या मांडीवर ठेवला. आणि मी, शहाणी, सहाही जणींची मापं बरोबर सांगितली. पाचवीच्या वेळी केतकी आत डोकावली होती. दुसऱ्या दिवशी मला लोहाराचा भाता ओढायला बसवलं.

पण त्याआधी संध्याकाळ होती. ताई आली, खुर्चीत बसली, चहाचा एक घोट घेतला.

"गो सुषमा, माझा माप तुका इतक्या तोंडपाठ. मगे ब्लाउज तंग कसो होता?"

नवरा कप घेऊन ओटीवर गेला. मी बिस्किटांची बशी तिच्यापुढे सरकवली.

लग्नातला ब्लाउज तिने कणकवलीत शिवून घेतला. मागची हुकं मीच लावून दिली. म्हटलं, "ताई, हात वर करून बघा." तिने दोन्ही केले, आणि सगळ्या बायकांसमोर बराच वेळ तसेच वर ठेवले.