चॉपस्टिक्सचं कुंपण आणि माझे लाडू

दिवाळीचा किल्ला म्हणजे बुरूज, पायऱ्या, वर महाराज आणि उतारावर पेरलेले अळीव. पन्नाशी जवळ आली, बँकेने टोकियोला पाठवलं, तरी माती दिसली की माझे हात तेच करतात.

त्यामुळे लेक म्हणाली, "बाबा, शाळेसाठी न्यूझीलंडच्या माओरी लोकांचा किल्ला करायचाय," तेव्हा पुढचं मी ऐकलंच नाही. टोकियोच्या एदोगावा भागातल्या आमच्या एवढ्याशा बाल्कनीत मातीची पिशवी ओतली आणि दुपारपर्यंत जवळजवळ राजगड उभा केला.

पुण्याहून आल्यापासून लेक वर्गात तोंड उघडत नव्हती. सोमवारी मात्र या किल्ल्याबद्दल सगळ्यांसमोर बोलायचं होतं, आणि त्या धास्तीने तिची अन्नावरची वासनाच उडाली होती.

तिने माझा राजगड पाहिला. "चिगाऊ," म्हणाली. म्हणजे चुकलं. "समोर इंग्रजांच्या तोफा आहेत, बाबा. हा टिकेल?"

"न टिकायला काय झालं?"

बायको आतून म्हणाली, "तुम्ही वळलेले लाडू मारून बघा. तोफगोळे तयारच आहेत."

पाक जरा पुढे गेला होता, एवढंच. महाराजांना आदराने आत नेलं आणि लाडू मारला. बुरूज बसला. लाडू शाबूत.

मग लेकीने बाह्या सरसावल्या. टेकाड सपाट केलं, वाकडेतिकडे चर खणले, त्यांवर काटक्या आणि माती घातली. पुढे कोन्बिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, जेवणाबरोबर येणाऱ्या, खणात साठलेल्या चॉपस्टिक्सचं कुंपण.

"यात राजा कुठे बसवायचा?"

"वर कुणीच दिसायचं नाही. सगळे जमिनीखाली. इंग्रजांनी दिवसभर तोफा डागल्या, त्यांना वाटलं आत कुणी उरलंच नाही. आत शिरले, आणि चरांतून बंदुका सुरू. मूठभर लोकांनी फौज पळवली. तुम्ही इंग्रज व्हा, मारा."

मी लाडू मारत राहिलो. कुंपण मोडलं, चर तसेच. ती सांगत होती, इतक्या मोठ्याने की शेवटी बायकोने "शेजारी काय म्हणतील" म्हणून दार ओढून घेतलं.

सोमवारी ती किल्ला आणि डब्यात चार लाडू घेऊन गेली. संध्याकाळी डबा रिकामा.

"बोललीस?"

"हो. सगळ्यांना इंग्रज व्हायचं होतं."

"मग लाडू मातीत गेले सगळे?"

"तीन. एक एका मुलीने खाल्ला. ती शनिवारी आपल्याकडे येतेय." दप्तर ठेवता ठेवता म्हणाली, "बाबा, लाडू परत तुम्हीच करा. असेच कडक. आणि आई, मला आत्ता काहीतरी खायला दे."